डिसेंबरचं पुणे, रात्री दहाच्या हिशेबाने: सवाई, लॉन आणि पबसाठी नवख्यांची तयारी

पुण्यात पहिल्यांदा मैफलीला किंवा म्युझिक फेस्टिव्हलला येणारा माणूस सगळं ठरवून येतो. कोणाचं गाणं ऐकायचं, काय घालायचं, फोटो कुठे काढायचा. ठरवत नाही ते एकच: कार्यक्रम सुटल्यावर घरी कसं जायचं. मग रात्री सव्वादहाला खराडीच्या रस्त्यावर हजारो माणसं मोबाइल डोक्यावर धरून एकाच वेळी कॅब शोधताना दिसतात.

नोकरीसाठी मी सोलापूरहून इथे आले, तेव्हापासून दर हिवाळ्यात माझ्याकडे कोणी ना कोणी उतरतंच. मावसबहीण, तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी, ऑफिसात नवीन लागलेली पोरं. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते आहे.

आधी एक नियम समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर बेतलेलं आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं, आणि त्यातले बरेच दिवस गणेशोत्सव, नवरात्र अशा सणांना जातात. त्यामुळे पुण्यात मैदानावरचा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम दुपारी सुरू होतो आणि दहाच्या ठोक्याला बंद होतो. मुख्य कलाकार साडेआठच्या आसपास मंचावर येतो. 'रात्री आठपर्यंत पोहोचू, तेव्हाच रंग चढेल' या हिशेबाने निघालात तर तिकिटाचे निम्मे पैसे नगर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये घालवून बसाल.

१. परतीचा रस्ता आधी ठरवा

तिकीट काढण्यापूर्वी हे करा. नकाशा उघडा, कार्यक्रमाची जागा बघा, तिथून सर्वांत जवळचं मेट्रो स्टेशन शोधा.

पुण्यात सध्या मेट्रोच्या दोन मार्गिका कामाच्या आहेत. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. दोन्ही सिव्हिल कोर्टला एकमेकींना भेटतात. मुकुंदनगरला जायचं तर स्वारगेट, पेठांमध्ये जायचं तर मंडई किंवा कसबा पेठ, कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डन, विमाननगर-खराडीच्या बाजूला रामवाडी. रामवाडीला मेट्रो संपते, खराडी तिथून पुढे आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्याला रिक्षा लागणारच.

मेट्रो रात्रभर चालत नाही. निघायच्या दिवशी मेट्रोच्या अॅपवर शेवटच्या गाडीची वेळ बघा आणि तिच्या आधीची गाडी आपली शेवटची आहे असं धरून चाला. कार्यक्रम दहाला संपला तरी गेटमधून बाहेर पडायला अर्धा तास सहज जातो. पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, 'रातराणी' बस आहेत, पण मोजक्याच मार्गांवर. तुमचा मार्ग त्यात असेल तर नशीबवान आहात.

रिक्षाचं गणित असं. पुण्यात रिक्षा मीटरवर चालते आणि रात्री १२ ते पहाटे ५ मीटरच्या सव्वापट भाडं असतं. हे कागदावर. फेस्टिव्हलच्या गेटसमोर उभा असलेला रिक्षावाला मीटर टाकत नाही, आकडा सांगतो. अॅपवर भाडं कमी दिसतं, पण फोन येतो तो 'कुठे सोडायचंय, किती देणार' विचारायला. यावर उपाय एकच: गेटपासून दहा-पंधरा मिनिटं चाला. गर्दी मागे पडली की भाडंही माणसात येतं. चार जण असाल तर येताना आणणाऱ्या कॅबवाल्यालाच परतीचं विचारा आणि गेटपासून लांबची एखादी ठळक खूण ठरवून घ्या. पेट्रोल पंप, बँक, मंगल कार्यालय, काहीही चालेल. 'गेटसमोर' ही खूण नाही.

स्वतःची गाडी नेणार असाल तर एक गोष्ट पक्की करा: चालवणारा पिणार नाही. 'फक्त एक बिअर' पण नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला झालेल्या पोर्श अपघातात दोन तरुण जीव गेले. त्यानंतर या भागातली रात्रीची नाकाबंदी हा गमतीचा विषय उरलेला नाही.

२. कोणत्या कार्यक्रमाला जाताय ते ओळखा

पुण्याचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात दोन वेगळ्या दुनिया एकाच शहरात नांदतात आणि बऱ्याचदा एकमेकींना ओळखही देत नाहीत. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दोन्हींची चव घ्या. एकाच आठवड्यात जमलं तर उत्तम.

पहिली दुनिया शास्त्रीय संगीताची. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, बोलीभाषेत नुसतं 'सवाई'. पंडित भीमसेन जोशींनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये तो सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं. डिसेंबरात, बहुधा बुधवार ते रविवार असे पाच दिवस. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, गेली काही वर्षं मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. जानेवारीत वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव असतो. सवाईची धास्ती वाटत असेल तर तिथून सुरुवात करा, वातावरण थोडं मोकळं असतं.

दुसरी दुनिया लॉनवरची, म्हणजे मोकळ्या मैदानावरच्या म्युझिक फेस्टिव्हलची. एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. त्याने एका पिढीला अनेक मंच, मनगटावरचा प्रवेशाचा पट्टा आणि चिखलातले बूट यांची सवय लावली. गोव्याचा डान्स म्युझिक फेस्टिव्हल सनबर्न २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला, काही वर्षं पुण्याच्या आसपास राहिला आणि परत गेला. आता एकेका मोठ्या कलाकाराचे दौरे जास्त येतात. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश गायक एड शीरनच्या भारत दौऱ्याची सुरुवात बिबवेवाडीच्या यश लॉन्समधून झाली. मुंबई सोडून पुणे, हे पुणेकरांनी बरेच दिवस सगळ्यांना ऐकवलं.

लॉनवरचे फेस्टिव्हल पुढे ढकलले जातात, रद्दही होतात. जाहिरात आली म्हणजे कार्यक्रम झालाच असं नाही. सवाई मात्र येतोच. कोविडचा काळ सोडला तर त्याची तारीख लक्षात ठेवून लोक मुलांच्या लग्नाचे मुहूर्त काढतात.

३. तिकीट

सवाईला दोन प्रकारची तिकिटं मिळतात: पाचही दिवसांचं सीझन तिकीट आणि एका दिवसाचं. बसायला सोफा, खुर्ची आणि भारतीय बैठक. नवख्याने एका दिवसाचं भारतीय बैठकीचं घ्यावं. ते सर्वांत स्वस्त असतं आणि खरं ऐकणारे तिथेच बसतात. सोफ्यावर कोण बसतं याबद्दल मी काही बोलत नाही.

लॉनच्या तिकिटांचा खेळ वेगळा. 'अर्ली बर्ड' सर्वांत स्वस्त, मग 'फेज १', 'फेज २' असा भाव चढत जातो. कलाकारांची पूर्ण यादी जाहीर व्हायच्या आधीच स्वस्त तिकिटं संपलेली असतात, म्हणजे तुम्ही विश्वासावर पैसे टाकता. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी वाचा:

- अॅपवर शेवटच्या पानावर 'कन्व्हीनियन्स फी' आणि कर जोडून येणारी रक्कम. पहिल्या पानावरचा आकडा खरा नसतो.
- रद्द झाल्यास पैसे परत, की पुढच्या तारखेला तेच तिकीट चालणार?
- वयाची अट. काही ठिकाणी १८, काही ठिकाणी २१.
- एकदा बाहेर पडलं की परत आत घेतात का? बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.
- 'व्हीआयपी' म्हणजे नेमकं काय? अनेकदा त्याचा अर्थ वेगळी रांग आणि बाजूला उभारलेला एक माळा, जिथून मंच तिरका दिसतो.

ऐनवेळी टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर 'दोन पास आहेत, निम्म्या किमतीत' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. एकाच क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो आणि गेटवर पहिला पोहोचणारा आत जातो. मित्राकडून घेत असाल तर अॅपमधूनच तुमच्या नंबरवर ट्रान्सफर करून मागा. आणि तिकीट हातात आलं की त्याचा फोटो क्यूआरसकट स्टोरीवर टाकू नका. कोणीतरी टाकतंच.

४. जागा नेमकी कोणती

पुण्यात महालक्ष्मी लॉन्स नावाची दोन ठिकाणं आहेत. एक कर्वेनगरला राजाराम पुलाजवळ, दुसरं खराडीला नगर रोडवर. शहराची दोन टोकं. कॅबमध्ये नुसतं नाव टाकून झोपी गेलेली मंडळी दर वर्षी चुकीच्या लग्नाच्या वरातीत उतरतात. तिकिटावरचा नकाशाचा दुवाच उघडा.

गेटचा क्रमांकही बघून ठेवा. मोठ्या लॉनला दोन-तीन गेटं असतात आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागू शकतात. कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांमध्ये एकेरी वाहतुकीच्या पाट्या बघा, नाहीतर पबचं बिल यायच्या आधी पोलिसांचं चलन येईल.

५. मुक्काम

सवाईसाठी स्वारगेट, डेक्कन किंवा टिळक रोडच्या आसपास राहा. खराडीच्या कार्यक्रमासाठी विमाननगर किंवा कल्याणीनगर. पुण्यात दहा किलोमीटर म्हणजे शनिवारी संध्याकाळी एक तास, कधी जास्त. स्वस्त मिळतं म्हणून हिंजवडीत खोली घेऊन खराडीला जाणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, मत्सर नाही.

अविवाहित जोडप्यांनी एकत्र राहू नये असा कायदा नाही, पण अनेक हॉटेलं आपल्या नियमाने नाकारतात. पुण्याचाच पत्ता असलेलं आधार कार्डही बरीच हॉटेलं घेत नाहीत. बुकिंग करण्याआधी फोन करून या दोन्ही गोष्टी विचारा. रात्री अकराला रिसेप्शनवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर किल्लीचं बोलून घ्या. सदाशिव पेठेतली आत्या रात्री साडेदहाला दिवा मालवते आणि वाड्याचा मोठा दरवाजा आतून लागतो. 'आत्या, तू झोप, मी येईन माझी' एवढ्यावर भागत नाही, ती जागीच राहते आणि सकाळी आईला फोन जातो.

६. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं:

- सरकारी ओळखपत्र, जन्मतारीख असलेलं. आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. डिजिलॉकर बहुतेक ठिकाणी चालतं, पण मोबाइलची बॅटरी संपली की ते तुमच्याबरोबर संपतं. एक कार्ड खिशात असू द्या.
- तिकिटाचा क्यूआर, ऑफलाइन जतन केलेला. गर्दीत नेटवर्क जातं.
- दारू पिणार असाल तर मद्यसेवनाचा परवाना. महाराष्ट्रात कायद्याने तो लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार असतात. एक दिवसाचा परवाना बारमध्ये फाडून देतात, अनेकदा त्याची नोंद बिलातच दिसते.
- थोडे सुटे पैसे. रात्रीच्या रिक्षाला आणि चहाला.

वयाबद्दल बाहेरगावचे नेहमी चुकतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५. गोव्यात चाललेलं ओळखपत्र इथे चालत नाही म्हणून वाद घालू नका, गेटवरच्या माणसाच्या हातात काही नसतं.

सामान: कानात घालायचे बोळे (साध्या औषधाच्या दुकानात मिळतात), छोटी पॉवर बँक, मफलर, रुमाल. १०० डेसिबलच्या आवाजात कानाला सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटांची धरली जाते, आणि मंचाजवळच्या स्पीकरसमोर आवाज त्याच्याही वर जातो. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहिली तर त्याचं कौतुक नको. लॉनवर मोठी बॅग, बाटली, छत्री, अत्तराची कुपी, लेन्स बदलता येणारा कॅमेरा हे सगळं गेटवर अडतं, आणि ठेवायला लॉकर असतोच असं नाही. सवाईला उलट: बसायला जाड सतरंजी किंवा उशी, पाण्याची बाटली, वाचायचा चष्मा.

७. कपडे

डिसेंबरात पुण्यात दुपारी २८-३० अंश आणि रात्री १०-१२, कधी त्याहूनही खाली. दुपारी तीनला आत शिरताना घाम येतो, नऊला दात वाजतात. म्हणून थरांचा पोशाख.

सवाईला लोक नटून येतात आणि मला ते फार आवडतं. इरकल, खण, नारायणपेठ, जुनी पैठणी, वर शाल. पुरुषांत खादीचा झब्बा आणि जॅकेट. कानटोपी घालून मैफल ऐकणं ही इथली फॅशन समजा, तिच्यापुढे कोणाचा डिझायनर चालत नाही. भारतीय बैठकीला पादत्राणं काढावी लागतात, तर नाडी-बकलांचे सोपस्कार असलेले बूट नकोत. आणि महागडी चप्पल तर मुळीच नको.

लॉनवर टाच असलेली चप्पल गवतात रुतते. जुने बूट घाला, बंद आणि मळले तरी चालतील असे. धूळ इतकी असते की काळा टी-शर्ट संध्याकाळी खाकी होतो. जॅकेट कमरेला बांधता येईल असं घ्या, हातात घेऊन नाचता येत नाही.

पबमध्ये मात्र पुरुषांना चप्पल आणि हाफ पँट चालत नाही. दिवसभर लॉनवर असाल आणि नंतर पबचा बेत असेल तर फुल पँट घालूनच निघा.

८. सवाईत बसायचं कसं

इथे जरा थांबते, कारण घाबरून सवाईला न जाणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. 'आम्हाला रागातलं कळत नाही' म्हणतात. मंडपातल्या निम्म्या लोकांनाही नावानिशी कळत नाही. ते मान हलवतात.

पहिल्या दिवशी लवकर जा, दुपारी तीनच्या आसपास. पहिल्या सत्रात बहुधा तरुण कलाकार असतात, जागा मिळते आणि खांबाला टेकून बसता येतं. खांबाची जागा सवाईत सोन्याची. तिथे आधीच एखादे काका सतरंजी अंथरून बसलेले असतील तर त्यांना हलवायच्या फंदात पडू नका, ते तुमच्या जन्माआधीपासून तिथे आहेत.

एका गायकाचं सादरीकरण साधारण तास-दीड तास चालतं. आधी विलंबित ख्याल, संथ, स्वर उलगडत नेणारा. मग द्रुत, म्हणजे जलद. मग ठुमरी, अभंग किंवा नाट्यगीत. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. मोबाइल काढू नका. तबल्याच्या आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम. गायक फिरून फिरून तिच्यावर येतो आणि अख्खा मंडप एकदम मान डोलावतो, ती जागा शोधत राहा. दोन-चार वेळा बरोबर सापडली की पुढचं गाणं आपोआप ऐकू येतं.

वेळेचा आणि रागाचा संबंध इथे थेट अनुभवता येतो. दुपारी भीमपलास, मुलतानी, मधुवंती, पटदीप. सूर्य कलताना मारवा, श्री, पूरिया धनाश्री. दिवेलागणीनंतर यमन. पुढे मालकंस आणि दरबारी हे रात्रीचे राग, आणि इथेच दहाचा नियम आडवा येतो. एके काळी सवाई रात्रभर चालायचा, उजाडताना सकाळचे राग व्हायचे. आता दहाला थांबावं लागतं, त्यामुळे उशिराच्या रागांना जागा उरत नाही. शनिवारी बहुधा बारापर्यंत परवानगी असते. एकाच दिवसाचं तिकीट काढणार असाल तर शनिवारचं काढा, त्या दोन तासांसाठी.

रीतीभाती थोड्याच आहेत. विलंबित चालू असताना उठू नका, दोन कलाकारांच्या मधे उठा. टाळ्या मधेच नको, जाणकार 'क्या बात है' म्हणतील तेव्हा बघून घ्या. मांडीवर ताल धरायला हरकत नाही, शेजारच्याच्या मांडीवर नको. रेकॉर्डिंग करू नका. वडापाव आणि कॉफी बाहेरच्या स्टॉलवर खाऊन या. स्टॉलवरच्या गप्पा हा सवाईचा अर्धा कार्यक्रम आहे, तिथे कोणाचा गळा बसला आणि कोण गुरूपेक्षा चांगलं गायलं याचे निकाल लागतात.

शेवटच्या दिवशी पार्किंगच्या घाईने लवकर पळू नका. सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावून महोत्सवाची सांगता करायची परंपरा आहे. एवढ्या कलाकारांनंतर ती खरखरती रेकॉर्ड लोक उभं राहून ऐकतात.

९. लॉनवरचा दिवस

गेट उघडल्यापासून तासाभरात आत जा. रांग लहान असते, हातातला पट्टा लगेच मिळतो आणि मंचांची जागा, पाणी, स्वच्छतागृहं, प्रथमोपचार हे सगळं उजेडात बघून होतं. अंधारात हे शोधणं म्हणजे दुसरा कार्यक्रम.

पट्ट्यात चिप असते आणि आत खरेदी त्याच्यावरच होते. पैसे थोडे थोडे भरा. उरलेले परत मिळतात का, कधीपर्यंत मागायचे आणि त्यावर किती कापतात ते रिचार्जच्या खिडकीवरच विचारा.

एकापेक्षा जास्त मंच असतील तर आवडते दोन कलाकार नेमके एकाच वेळी येणार, हे ठरलेलं. वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट घ्या आणि प्रत्येक मंचावर अर्धा-अर्धा ऐकायचा मोह टाळा. चालण्यात वेळ जातो आणि दोन्हीकडे मागची जागा मिळते. मी तर सांगेन, दुपारी चारला छोट्या मंचावर वाजवणारे अनोळखी बँड आवर्जून ऐका. मराठीत गाणारेही सापडतात, आणि आवाज अजून कानाला सोसणारा असतो.

टोळीने आला असाल तर भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. नेटवर्क जातं हे परत सांगते. एकट्या मुलींनी लाइव्ह लोकेशन घरी कोणालातरी देऊन ठेवावं, आपला ग्लास नजरेआड करू नये आणि काही खटकलं तर सरळ सुरक्षारक्षकाला गाठावं. पोलिसांसाठी ११२. कोणी 'जरा हे तुझ्या खिशात ठेव' म्हणालं तर ठेवू नका, ओळखीचा असला तरी. अमली पदार्थांच्या कायद्यात ज्याच्या खिशात सापडलं तो अडकतो.

दारू मिळेलच असं धरून जाऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोथरूडला दिलजीत दोसांझचा कार्यक्रम होता, तेव्हा स्थानिकांच्या विरोधानंतर दारूविक्रीची परवानगी कार्यक्रमाच्याच दिवशी रद्द झाली. गाणं ठरल्याप्रमाणे झालं.

१०. दहानंतर

मैदान बंद झालं की गर्दीतले काही जण कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढव्याकडे वळतात. बंद जागेत संगीत चालू राहतं, गच्चीवर आणि उघड्यावर नाही. म्हणून 'रूफटॉप' बघून गेलात तर दहानंतर फक्त हवा मिळेल. पब दीडला बंद होतात. शेवटची ऑर्डर त्याच्या आधी घेतात, तेव्हा साडेबाराला पोहोचून काही हाती लागत नाही.

गेटवर 'कव्हर' विचारा. ते खाण्यापिण्यात वळतं करतात का, की नुसती प्रवेश फी? मुलींना फुकट, जोडीला अमुक, एकट्या मुलाला तमुक असे दर असतात. चार मुलगे असाल तर आधी फोन करा, अनेक ठिकाणी आतच घेत नाहीत. बिल आलं की वरपासून खालपर्यंत वाचा. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट, आणि मधेच 'सर्व्हिस चार्ज'. तो ऐच्छिक आहे. नम्रपणे काढायला सांगा, काढतात.

गांधी जयंती, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकीच्या आधीचे दिवस कोरडे असतात. त्या तारखांना वाढदिवस ठेवला असेल तर चहावर समाधान माना.

दीडनंतर भूक लागली तर पर्याय मोजके: स्टेशनजवळच्या भुर्जी-पावाच्या गाड्या, नाहीतर पहाटेच्या आसपास नळ स्टॉपचे पोहे. पोह्यांना रिक्षावाले, हॉस्टेलची पोरं आणि कॉल सेंटर सुटलेले सगळे एकाच कढईभोवती उभे असतात. परतीची रिक्षाही तिथे मीटरवर मिळण्याची शक्यता जास्त. थोडं उजाडल्यावर डेक्कनला गुडलक कॅफेमध्ये बन मस्का आणि चहा घ्या.

मुंबईला परतणाऱ्यांसाठी शेवटचं. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७:१५ ला सुटते. सोमवारी तिने ऑफिस गाठायचा बेत असेल तर आरक्षण तिकिटाबरोबरच करून ठेवा आणि रविवारी दहाला मैदान सुटलं की थेट मुक्कामाला जा. ते जमणार नसेल तर स्वारगेट किंवा स्टेशनवरून एसटीची शिवनेरी बस पकडा, दिवसभर सुटत राहतात, आणि सोमवारची अर्धी सुट्टी आधीच टाकून ठेवा.